परसातलं हवामान केंद्र : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावर

मार्चअखेर साडेबारा हजारांना घेतलेलं हे घरगुती हवामान केंद्र सात महिने चालू आहे. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस मोजणारं सगळं एकाच खांबावर आणि घरात छोटा डिस्प्ले. अकोल्याकडच्या उन्हात टिकेल का, ही धास्ती होती. टिकलं. पांढरं प्लास्टिक जरा पिवळट पडलंय, एवढंच.

पहिला महिना मात्र वाया गेला. खांब गच्चीच्या कठड्याला बांधला होता. दुपारी 46 दिसायचं ते खरं वाटलं, पण रात्री अकरालाही पारा 37च्या खाली उतरेना, तेव्हा शंका आली. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग सोडत राहतो. मग पाइप आणून परसात, भिंतींपासून लांब, उघड्या मातीवर दीड मीटर उंचीला बसवलं. दुपारचा आकडा दोनेक अंशांनी उतरला, रात्रीचा चार. मॉडेल कुठलंही घ्या, जागा आधी ठरवा.

पण खरं मोल पावसाच्या मोजणीचं. नरसाळ्याखाली दोन डोलत्या वाट्या असतात. एक भरली की कलंडते, दुसरी पुढे येते, प्रत्येक वेळी 0.3 मिमीची नोंद होते. धो-धो सरीत कलंडताना पाणी निसटतं आणि आकडा कमी येतो. म्हणून शेजारी साधा नळकांड्याचा पर्जन्यमापक ठेवलाय. रिमझिम असली की दोघांचं जुळतं. जुलैत एकदा तासभर पडूनही डिस्प्लेवर शून्य! नरसाळ्यात कडुलिंबाचा पाला अडकला होता. आता दर रविवारी साफ करतो.

माहितीपत्रकात नसलेली एक गोष्ट सांगतो. डिस्प्लेचा दिवस मध्यरात्री बदलतो, हवामान खात्याचा पाऊस मात्र सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतात. रात्रभर पडलेला एकच पाऊस त्यामुळे यंत्रात दोन तारखांना वाटला जातो. महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिमी झाला तर अतिवृष्टी, अशा हिशेबात हा फरक लहान नाही. मी साडेआठलाच आकडा वहीत उतरवतो.

मृगाच्या पहिल्या पावसात 28 मिमी भरला. गावात पेरणीची घाई सुटली, बाबाही बियाणं काढून बसले. कृषी विभाग 75 ते 100 मिमी झाल्याशिवाय पेरू नका असं सांगतो. वही पुढे केली, ते थांबले. पुढचे अकरा दिवस थेंब नाही. रोज सकाळी माझ्याआधी बाबा डिस्प्लेसमोर उभे असायचे. बेरीज 79 झाल्यावर घरामागच्या वावरात सोयाबीन पेरलं, एकदाच.

लाइन गेली की वायफाय बंद आणि मोबाइलमधल्या नोंदीत खंड पडतो, ही मोठी उणीव. विक्रेत्याला दोनदा कळवलं, उत्तर आलं नाही.

नाल्याकाठच्या दुसऱ्या वावरात नुसता नळकांड्याचा मापक लावणार आहे. तिथे बाबा रोज सकाळी जातातच.