बहावा बियांपासून: चौदा महिन्यांनंतर

गेल्या एप्रिलमध्ये रस्त्यावर पडलेल्या बहाव्याच्या दोन शेंगा उचलून आणल्या. काळ्या, हातभर लांब, हलवल्या की खुळखुळणाऱ्या. (भोक पडलेली शेंग घेऊ नका, आत किडा असतो.) सुरीने काही होईना, शेवटी बत्ता घेतला. आत चकत्यांची चळत, दोन चकत्यांमध्ये एकेक बी आणि काळा चिकट गर. पोट साफ व्हायला देतात तो मगज हाच. हाताचा वास संध्याकाळपर्यंत गेला नाही.

वीसेक बिया धुऊन तशाच पेरल्या आणि दीड महिना रिकाम्या मातीला पाणी घातलं. उकरून पाहिलं तर बिया होत्या तशाच, चकचकीत. कवच इतकं टणक की पाणी आत शिरतच नाही. उकळत्या पाण्याची युक्ती केली, त्यात चार बिया बहुधा शिजल्या.

जमलं ते पॉलिश पेपरने. बीची टोकाकडची बाजू सोडून कडेला घासायचं, आतला फिकट रंग दिसला की थांबायचं, रात्रभर पाण्यात. सकाळी फुगलेल्या पेरायच्या, न फुगलेल्या पुन्हा घासायच्या. बारातल्या नऊ उगवल्या, पहिली आठव्या दिवशी. बोटं मात्र दोन दिवस हुळहुळत होती.

पुढची चूक माझीच. रोपं लहान कुंड्यांत ठेवली. बहावा आधी खाली वाढतो. वर चार पानं असताना सोटमूळ कुंडीच्या भोकातून बाहेर आलं होतं. ओढताना दोन रोपांची मुळं तुटली, ती गेलीच. आता पेरेन तर लांबट पिशवीत, नाहीतर थेट जमिनीत.

ऑगस्टमध्ये एका आठवड्यात सगळी पानं साफ. पिवळट एमिग्रंट फुलपाखरं बहाव्यावर अंडी घालतात, अळ्या पानाच्याच रंगाच्या, त्यामुळे उशिरा दिसल्या. मी हातानेच वेचल्या. पंधरा दिवसांत नवी पालवी आली. थंडीत वाढ जवळपास थांबली, तेव्हा रोप मेलं समजून उपटू नका.

ऑक्टोबरमध्ये कुंपणालगत लावलेलं रोप आज कमरेएवढं आहे. रात्री पानं मिटून खाली लोंबतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पाणी कमी पडलं वाटून मी अकरा वाजता पाइप लावला होता! फुलांना अजून काही वर्षं आहेत; एवढा धीर नसेल तर नर्सरीतून मोठं रोप आणा.

या आठवड्यात अळ्या परत आल्यात. यंदा वेचत नाही.