टॅक्स पूर्ण भरणारी कंपनी घ्यावी की टॅक्स वाचवणारी?

माझ्या आतेभावाचा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा धंदा आहे, जुने लूम विकून थोडे पैसे आलेत आणि तो दोन शेअरमध्ये अडकलाय. एक कंपनी मोठी, जुनी, कर्ज जवळजवळ नाहीच, टॅक्स दरवर्षी नफ्याच्या २५ टक्क्यांच्या आसपास. दुसरी लहान, कर्ज काढून प्लांट वाढवतेय, टॅक्स जातो १२ टक्के. तो म्हणतो दुसरीच घेऊ, टॅक्स वाचला म्हणजे नफा आपलाच की.

मी त्याला म्हटलं, इतकं सरळ नाही दादा. समजा दोघींचा टॅक्सआधीचा नफा १०० कोटी, पहिलीकडे उरले ७५ आणि दुसरीकडे ८८. उद्या दुसरीला पण २५ टक्के लागले तर धंदा आहे तसाच राहून नफा ८८ वरून ७५ वर, म्हणजे जवळपास १५ टक्के खाली, आणि शेअरचा भाव तर ८८ धरूनच लागलेला असतो. हा २५ चा आकडा २०१९ पासूनचा आहे, सवलती सोडणाऱ्या कंपनीला २२ टक्के, सरचार्ज आणि सेस धरून २५.१७.

मग १२ टक्के कसे काय? इथंच खरी मेख आहे. तू नवीन रॅपियर लूम घेतलास की इन्कम टॅक्समध्ये सुरुवातीच्या वर्षांत घसारा (मशीन झिजल्याचा खर्च) जास्त मिळतो, कंपनीच्या पुस्तकात मात्र तो हळूहळू जातो, त्यामुळं टॅक्स आज वाचतो पण पुढं भरावाच लागतो, आणि तो पुढचा टॅक्स डिफर्ड टॅक्स म्हणून नफा-तोट्यात आत्ताच धरलेला असतो. म्हणून करंट (या वर्षाचा) आणि डिफर्ड मिळून २५ येत असतील आणि कॅश फ्लोमध्ये भरलेला टॅक्स तेवढा कमी असेल तर कारण मशिनरी आहे, घाबरायचं काम नाही. पण दोन्ही मिळूनच १२ येत असतील तर कारण दुसरीकडं शोधायचं, जुने तोटे, मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू केलेल्या नवीन कंपनीचा १५ टक्क्यांचा दर (सरचार्ज आणि सेस धरून १७, म्हणजे एकट्या त्यानं १२ होत नाहीत), नाहीतर कमी टॅक्सच्या देशातल्या उपकंपन्या. यातलं शेवटचं निघालं तर मी लांबच राहीन, कारण निव्वळ टॅक्स वाचवायला केलेली रचना नाकारायचा अधिकार गार (GAAR) या नियमानं खात्याला १ एप्रिल २०१७ पासून आहे. कर्जामुळं १२ झाले असंही समजू नको, व्याज आधीच वजा होतं, त्यानं टॅक्सची रक्कम कमी होते, टक्का नाही.

आता रिटर्नचं. फामा आणि फ्रेंच या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शेअर्सवर १९९३ मध्ये दाखवलं की लहान आणि पुस्तकी किमतीच्या मानानं स्वस्त कंपन्यांनी सरासरी जास्त रिटर्न दिले, २०१५ मध्ये त्यात भर घातली की चांगला नफा असणाऱ्यांनी जास्त दिले आणि मालमत्ता झपाट्यानं वाढवणाऱ्यांनी कमी. म्हणजे दुसरीला लहान असल्याचा फायदा, पण ज्या प्लांटमुळं टॅक्स वाचतोय तीच वाढ रिटर्नला मारक ठरू शकते. मला हे लई महत्त्वाचं वाटतं.

पैसा तुझ्या पोरीच्या कॉलेजचा आहे, तीन वर्षांत लागणार, म्हणून माझं मत पहिलीकडं, आणि तीन वर्षांसाठी शेअरमध्ये सगळा टाकूच नये. दुसरी घ्यायचीच असेल तर पाच वर्षांचा भरलेला टॅक्स, कॅपिटल वर्क-इन-प्रोग्रेस (अजून पूर्ण न झालेला प्लांट) आणि वार्षिक रिपोर्टच्या नोट्समधले टॅक्सचे वाद बघून घे, रविवारी रिपोर्ट घेऊन ये, दोघं मिळून बसू.