ॲड्स डॉट टीएक्सटी : जाहिरात उत्पन्नाची राखण कुठवर?

नागपूरच्या कळमना बाजारातले संत्र्याचे भाव देणारे आमचे मराठी संकेतस्थळ आंबिया बहराच्या महिन्यांत, म्हणजे काटोल-नरखेडचे बागायतदार रोज भाव पाहू लागतात तेव्हा, वर्षाचे बहुतेक उत्पन्न जाहिरातींतून मिळवते. हे उत्पन्न राखण्यासाठी आम्ही जी साधने वापरतो, त्यांपैकी ॲड्स डॉट टीएक्सटीबद्दल सर्वाधिक गैरसमज आढळतात.

ऑनलाइन जाहिरातींची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयएबी टेक लॅब या संस्थेने २०१७ मध्ये आणलेली ही व्यवस्था विनामूल्य आहे. संकेतस्थळाच्या मूळ पत्त्यावर मजकुराची एक फाइल ठेवायची आणि आपली जाहिरातीची जागा विकण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, हे तीत ओळीओळीने लिहायचे. प्रत्येक ओळीत जाहिरात यंत्रणेचे डोमेन, तिथला खाते क्रमांक आणि ते खाते थेट आपले की मध्यस्थाचे, एवढीच माहिती लागते. जाहिरातदारांच्या वतीने जागेसाठी बोली लावणाऱ्या यंत्रणा ही यादी ताडून पाहतात आणि यादीबाहेरच्या विक्रेत्याला टाळतात. २०१७ मध्येच ‘फायनान्शियल टाइम्स’ने शोध घेतला, तेव्हा त्यांच्या नावावर खोटी जागा विकणाऱ्यांचा व्यवहार महिन्याला सुमारे १० लाख पौंडांचा असावा, असा अंदाज निघाला होता. नावाच्या अशा चोरीपुरते या फाइलला पूर्ण गुण द्यावे लागतील.

मात्र आपल्या पानातली छेडछाड ती ओळखत नाही. संकेतस्थळ चालवणाऱ्या वर्डप्रेस प्रणालीच्या एखाद्या सदोष प्लगइनमधून (जोड-सॉफ्टवेअरमधून) शिरलेल्याने जाहिरात कोडमधला आमचा खाते क्रमांक बदलून स्वतःचा घातला, तर तो यादीत नसल्याने चोराची कमाई बहुधा अडेल, पण ती आमच्याकडेही येणार नाही. त्याला सर्व्हरवर लिहिण्याची मुभा मिळाली असेल, तर तो यादीतही स्वतःची ओळ घालील; सातबाऱ्यावर नाव चढवणारी लेखणीच चोराच्या हाती गेल्यासारखे ते आहे. म्हणून फाइलमध्ये आणि पानाच्या साच्यात बदल झाला की सूचना देणारी छोटी स्क्रिप्ट सर्व्हरबाहेरून चालवणे आम्हाला अपरिहार्य वाटते. सर्व्हरपासून वाचकापर्यंतच्या वाटेत कोणी जाहिराती घुसडू नये म्हणून एचटीटीपीएस, म्हणजे सांकेतिक रूपातली जोडणी, हवेच. बाहेरून आणलेल्या स्क्रिप्टची अखंडता तपासणारी एसआरआय ही सोय जाहिरात कोडला सहसा लावता येत नाही, कारण तो कोड देणारी कंपनी तो वारंवार बदलते. तिथे पानात कुठकुठल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या हे ब्राउझरला सांगणाऱ्या कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीचाच काय तो आधार उरतो, आणि तीही जाहिराती बंद न पाडता बसवणे बरेच किचकट आहे. बनावट क्लिकांशी या फाइलचा संबंधच नाही.

सर्वांत नाजूक बाब मध्यस्थांच्या ओळींची आहे. जाहिरात एजन्सी शेकडो ओळींची यादी पाठवतात आणि ‘जशीच्या तशी टाका’ म्हणतात. आमच्या ओळखीतल्या बहुतेक प्रकाशकांनी ती न वाचता टाकलेली आहे. फुगलेल्या, कोणी न पाहिलेल्या अशाच याद्यांचा फायदा २०२० मध्ये उघडकीस आलेल्या ‘४०४बॉट’ या, अस्तित्वात नसलेल्या पानांवरची जाहिरातीची जागा विकणाऱ्या, फसव्या बॉटने घेतला होता. आम्ही प्रत्येक ओळ त्या यंत्रणेच्या सेलर्स डॉट जेसनमध्ये, म्हणजे तिने जाहीर केलेल्या विक्रेत्यांच्या यादीत, शोधतो, आणि तिथे विक्रेत्याचे नाव गोपनीय ठेवलेले असेल, तर एजन्सीकडून लेखी खुलासा येईपर्यंत ती ओळ फाइलमध्ये घेत नाही.