विभक्त होणाऱ्या कुटुंबांसोबत काम करणाऱ्यांसाठीचं प्रशिक्षण : नऊ महिने वापरून पाहिल्यावर

मी वकील आहे. मुंबईत बीकेसीतल्या कौटुंबिक न्यायालयात माझी सोळा वर्षं गेली. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा हेच रोजचं काम. गेल्या वर्षी सहा शनिवार-रविवार देऊन मी एक प्रशिक्षण घेतलं. वकील, समुपदेशक, मध्यस्थ आणि सामाजिक कार्यकर्ते अशा सगळ्यांसाठी ते होतं आणि भर होता वेगळ्या होणाऱ्या आईवडिलांच्या मुलांवर. घेताना कुणी अनुभव लिहिलेला सापडला नव्हता, म्हणून लिहिते आहे. संस्थेचं नाव देत नाही, कारण तक्रारीही बऱ्याच आहेत. प्रकरणांतले तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीच्या आखणीप्रमाणे होणारं ४० तासांचं मीडिएशन प्रशिक्षण मी पूर्वीच केलेलं आहे. तिथे दोन पक्षकारांत तोडगा कसा काढायचा हे शिकवतात आणि चांगलं शिकवतात. पण आमच्या प्रकरणांत एक तिसरं माणूस असतं. त्याची सही कुठेच नसते आणि परिणाम सगळा त्याच्यावर होतो. ते माणूस सात वर्षांचं असतं. त्याच्याशी कसं बोलायचं, त्याच्याबद्दल कसं लिहायचं, हे मला सोळा वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. लॉ कॉलेजात नाही, सीनियरच्या ऑफिसातही नाही.

मी स्वतः काय करत होते ते सांगते. सात-आठ वर्षांपूर्वी कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये एका अशिलाच्या आठ वर्षांच्या मुलाला मी वाकून विचारलं, "बाळा, तुला कुणाकडे राहायचंय?" तो म्हणाला, "आईकडे. बाबा आमचा मानसिक छळ करतात." त्या दिवशी मला आनंद झाला होता. वाक्य माझ्या अर्जात बसत होतं. आठ वर्षांच्या पोराच्या तोंडी 'मानसिक छळ' हा शब्द आला कुठून, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी मोठ्यांचे शब्द मुलांच्या तोंडून येतात त्यावर सत्र झालं, आणि मला तो कॉरिडॉर, त्याची निळी बाटली, सगळं डोळ्यांसमोर आलं.

हे सत्र मला सगळ्यात मोलाचं वाटलं, आणि ते पूर्ण केल्याबद्दल प्रशिक्षकांचे आभार. कारण त्यांनी अर्ध्यावर सोडलं नाही. पढवलेलं वाक्य आहे म्हणून आई खोटारडी, असा निष्कर्ष लगेच काढायचा नाही. छळ खरा असेल आणि शब्द तेवढा ऐकलेला असेल. मूल एका पालकाला भेटायला नकार देतं तेव्हा कधी दुसऱ्यानं मन कलुषित केलेलं असतं, कधी खरी भीती असते, आणि पुष्कळदा दोन्ही थोडंथोडं. आमच्याकडे हल्ली 'पेरेंटल एलिएनेशन', म्हणजे एका पालकानं मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करणं, हा शब्द प्रत्येक अर्जात दिसतो. २०१७ च्या विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं ही कल्पना मांडली, तेव्हापासून वडिलांच्या बाजूचे वकील ती हत्यारासारखी वापरतात. मीही वापरली आहे. आता त्या शब्दाआधी मी चार प्रश्न विचारते : नकार कधीपासून, त्याआधी काय घडलं, नकार फक्त बाबांना की आजी-काकांनाही, आणि एकटं असताना मूल काय म्हणतं.

"कुणाकडे राहायचंय" हा प्रश्न मी कायमचा सोडला. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात, मूल समजदार मत देण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ते विचारात घेऊ शकतं अशी तरतूद आहे. पण ते न्यायाधीशांनी चेंबरमध्ये बसून करायचं काम. मी आता मुलांना विचारते ते शाळेचं दप्तर कोण भरतं, ताप आला की कोण उठतं, शनिवारी काय करतोस. दहा मिनिटांत कळायचं ते कळतं, आणि निवड केल्याचं ओझं घेऊन पोर घरी जात नाही.

दुसरी रोज उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲपचा सराव. वाचायला किरकोळ वाटेल, पण आमची निम्मी भांडणं तिथेच पेटतात आणि स्क्रीनशॉट कोर्टात एक्झिबिट, म्हणजे पुरावा, होऊन येतात. वर्गात खऱ्यासारखे मेसेज देऊन ते पुन्हा लिहून घेतले. आता मी अशिलांना समोर बसवून तेच करते. एका वडिलांचा मेसेज होता : "परत उशीर. तुला पोरीपेक्षा माहेर महत्त्वाचं. पुढच्या वेळी पोलीस घेऊन येतो." आम्ही तो असा केला : "आज पाचऐवजी पाच-चाळीसला भेट झाली. पुढच्या शनिवारी पाचलाच भेटू. उशीर होणार असेल तर साडेचारपर्यंत कळव." त्यांना आधी राग आला. म्हणाले, "मॅडम, हे म्हणजे मी नमतं घेतल्यासारखं झालं." मी म्हटलं, उद्या न्यायाधीशांनी दोन्ही वाचले तर कुठला आपल्या बाजूनं बोलेल? पाठवला. उत्तर आलं, "ओके." तीन वर्षांत त्या दोघांमधलं शिवीविना गेलेलं ते पहिलं बोलणं.

आता जिथे प्रशिक्षण मुंबईत टिकलं नाही त्याबद्दल. अभ्यासक्रम उघडच बाहेरून आणलेला होता. दोन घरं, दोन गाड्या, दोन्ही घरांत मुलाची वेगळी खोली हे गृहीत. मूल सोपवताना 'तटस्थ, शांत जागा' निवडा, लायब्ररी किंवा बाग. माझ्या एका प्रकरणात वडील विरारला, आई डोंबिवलीला. मधली जागा दादर. दादरला शांत जागा कोण शोधणार? तरी सुटसुटीत म्हणून आम्ही कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांच्या संमतीनं ठरलेल्या अटींच्या मसुद्यात, प्लॅटफॉर्म नंबर ३ लिहिला. पहिल्याच शनिवारी घोळ झाला. डिसेंबर २०२३ पासून दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांचे नंबर आठपासून सुरू होतात, पण आईच्या डोक्यात जुना तीन नंबर. ती मध्यच्या बाजूला, वडील पश्चिमच्या तीनवर, पोर गर्दीत आईचा हात धरून रडतेय आणि दोघं मला एकाच वेळी फोन करताहेत. चूक माझी होती, मी स्वतः जाऊन जागा पाहायला हवी होती. आता टर्म्समध्ये लिहिलंय : दादर पूर्व, स्टेशनबाहेर, स्वामीनारायण मंदिरासमोर. शिवाय एक पावसाचं कलम घातलं. लोकल बंद पडल्या तर भेट पुढच्या रविवारी, आणि त्याला कुणी आदेशाचा भंग म्हणायचं नाही. हे कलम आता माझ्या प्रत्येक मसुद्यात असतं. कुठल्याच प्रशिक्षणाच्या फाइलीत ते नव्हतं.

त्याहून मोठी उणीव एका खोलीची. परळच्या चाळीतलं एक जोडपं, दहा बाय बाराची खोली, भाडेपावती सासऱ्यांच्या नावावर, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली. बाहेर पडलं तर नव्या घरावरचा हक्क जाईल या भीतीनं दोघंही खोली सोडत नाहीत, आणि भाड्यानं राहायची ऐपत दोघांचीही नाही. ती आत झोपते, तो गॅलरीत. कायद्यानं हे 'वेगळं राहणं' ठरू शकतं. सुरेष्टा देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्येच सांगितलंय की, परिस्थितीमुळे एका छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून न राहणं शक्य आहे. पण त्या खोलीतल्या दोन मुलांचं काय? वर्गात मी हे विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की, अशी परिस्थिती लवकरात लवकर संपवावी. संपवायची कशी ते सांगितलं नाही.

मग आम्ही तिघांनी मिळून त्या खोलीचं वेळापत्रक केलं. पहाटे पाच ते सहा नळाला पाणी, ते भरायचं तिनं. मुलांना शाळेत सोडायचं त्यानं. संध्याकाळी सात ते नऊ अभ्यास, त्या वेळेत कोर्ट, पैसा आणि तारीख हे शब्द खोलीत काढायचे नाहीत. ओट्यावर रात्रीचा स्वयंपाक आळीपाळीनं, आणि केलेलं जेवण चौघांचं. हा शेवटचा मुद्दा धाकट्या मुलीमुळे आला. ती दोन डबे वेगळे बघून जेवत नव्हती. पाच महिने झाले, वेळापत्रक मोडतं, पुन्हा लागतं, पण मुली जेवतात.

हिंसेबद्दल मात्र मला गंभीर तक्रार आहे. सहा शनिवार-रविवारांत कौटुंबिक हिंसेला मिळाली शेवटच्या दुपारची चाळीस मिनिटं. बाकी सगळ्या रोल-प्लेमध्ये दोघंही मोकळेपणानं बोलू शकतात हे धरूनच चाललेलं. त्याचा फटका मला बसला, म्हणजे माझ्या अशिलाला बसला. प्रशिक्षणानंतर उत्साहात मी एका जोडप्याला एकत्र बसवलं. तिनं प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. ओव्हरनाइट ॲक्सेस, म्हणजे मूल रात्री त्याच्याकडे राहणं, हो. पोटगी कमी, हो. निघताना बाथरूमच्या दारात तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "मॅडम, तो समोर असला की मला होच म्हणावं लागतं." सगळं पुन्हा सुरू करावं लागलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक मारहाणीसोबत लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही धरला आहे. तो तपासायला आधी दोघांशी वेगवेगळं, वेगळ्या दिवशी बोलायलाच हवं. ही गोष्ट पहिल्या सकाळी शिकवायला हवी होती.

आणखी एक चूक प्रशिक्षकांपर्यंत पोचवली आहे. वर्गात सांगितलं की मुलाशी झालेलं बोलणं कुठल्याही परिस्थितीत गोपनीय. भारतात हे चुकीचं आहे. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा. म्हणून मुलाला "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन द्यायचंच नाही. वर्गात नुकत्याच पास झालेल्या समुपदेशक मुली होत्या. त्या ते वाक्य वहीत लिहून घेत होत्या.

पैशांवरच्या सत्राबद्दल फार लिहीत नाही. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं ॲफिडेव्हिट द्यावं लागतं, त्याचा उल्लेखही झाला नाही.

भाषेबद्दल लिहायलाच हवं. सगळं साहित्य इंग्रजीत, आणि आमची माणसं भांडतात मराठीत. शेवटी भाषांतर आम्ही चार-पाच जणींनी जेवणाच्या सुट्टीत केलं, आणि तिथेच मला एक गोष्ट लक्षात आली. आपण मुलाचा 'ताबा' म्हणतो. फ्लॅटचाही ताबाच म्हणतो, बिल्डर पत्र देतो ते ताबापत्र. अशील विचारतात, "मॅडम, ताबा कधी मिळेल?" आणि खरंच त्यांच्या मनात किल्ली मिळाल्यासारखं चित्र असतं. अर्जाच्या शीर्षकात मला तो शब्द ठेवावाच लागतो. मजकुरात आणि बोलताना मी तो बंद केला. "मुलगा शाळेच्या दिवसांत कुणाकडे राहील, सुट्टीत कुणाकडे" असं विचारते. "नांदायला पाठवा" म्हणत आलेले सासरेही या प्रश्नाला वेगळं उत्तर देतात, हे मी दोनदा पाहिलं.

घाईबद्दलही सांगते. परस्परसंमतीच्या घटस्फोटातली सहा महिन्यांची वाट २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर योग्य प्रकरणांत माफ होऊ शकते. ते चांगलंच आहे, पण त्यामुळे लोकांना सगळं पुढच्या तारखेला हवं असतं. टर्म्समध्ये दागिन्यांना दीड पान आणि मुलांना चार ओळी. आता मी मुलांचा भाग आधी लिहून घेते, दागिन्यांना हातच लावत नाही तोवर. दोन अशील त्यामुळे दुसरीकडे गेले.

प्रशिक्षणाचं सगळ्यात चांगलं अंग म्हणजे नंतरची केस-चर्चा. महिन्यातून एक संध्याकाळ, आठ-दहा जण, प्रत्येक वेळी एकाचं प्रकरण, नावं काढून. वकिलाला हे नवीन आहे. आम्ही हरलेली केस कुणाला सांगत नाही आणि जिंकलेली सगळ्यांना सांगतो. बाथरूमच्या दारातला तो प्रसंग मी तिथे सांगितला, तेव्हा एका ज्येष्ठ समुपदेशक ताईंनी दोष न देता मला त्या बैठकीतला एकेक क्षण आठवायला लावला. ती कधी गप्प झाली, तो कधी घड्याळ बघत होता. चिन्हं सगळी होती. मी पाहिली नव्हती.

घ्यावं का? समुपदेशक असाल तर मुलांशी बोलण्याच्या सत्रांसाठी घ्या, कायद्याचा भाग मात्र दुसरीकडून पक्का करा. वकील असाल तर नक्की घ्या, कारण आपल्याला या बाजूचं काहीच शिकवलेलं नसतं. हिंसेच्या प्रकरणांत काम करत असाल तर यावर अवलंबून राहू नका. प्रमाणपत्राला कोर्टात काही वजन नाही, त्यासाठी पैसे घालू नका.

पुढच्या टप्प्याची फी मी भरलेली नाही. केस-चर्चेची वर्षाची वर्गणी भरली आहे. पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे, आणि मी परळच्या त्या खोलीचं वेळापत्रक घेऊन जाणार आहे, पाण्याच्या वेळेसकट.