रोज रात्री साडेअकराचा मेल

गोव्यात फोंड्याला वरच्या बाजाराजवळ माझे डीटीपीचे, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईला तयार करायचे, दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रके, देवस्थानांच्या स्मरणिका, बाराव्याची कार्डे, असले काम. दोन कॉम्प्युटर: आतला डिझाइनचा, बाहेर काउंटरवरचा बिलांचा. 2022 साली एका गिऱ्हाइकाच्या ओळखीने एक टेक्निशियन आला. त्याने नेटवर्कवर चालणारा बॅकअपचा डबा बसवून दिला. आत चार-चार टीबीच्या दोन डिस्क, एकीवरचे सगळे दुसरीवर आपोआप उतरणार. देखभालीचे वर्षाला 12,000, दर तीन महिन्यांनी 3,000 द्यायचे. माणूस गोड बोलायचा, फोन केला की तासाभरात स्कूटरवरून हजर. त्याचे नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

व्यवस्था साधी होती. रात्री साडेअकराला दोन्ही कॉम्प्युटरवरचा टास्क आपोआप सुरू व्हायचा, दिवसभरात बदललेल्या फाइल्स डब्यात जायच्या आणि मला मेल यायचा: ‘बॅकअप यशस्वी’. दोन वर्षे हे खरोखर नीट चालले. हे मुद्दाम सांगतो, कारण मी पहिल्या दिवसापासून लुबाडला गेलो असे नाही. विश्वास बसायला पुरेसा वेळ मिळाला होता.

डिसेंबर 2024 मध्ये तोच म्हणाला, विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपणार आहे, लग्नांचा हंगाम पेटण्याआधी मशीन बदलून टाका. हे खरेच होते. 11 तारखेला नवे दोन कॉम्प्युटर आले, विंडोज 11 प्रो, 24एच2 आवृत्ती. त्या रात्री मेल आला: ‘बॅकअप अयशस्वी’. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. मी फोन केला. शुक्रवारी, 13 तारखेला, दुपारी तो आला, आतल्या कॉम्प्युटरसमोर तासभर बसला, मग काउंटरवरच्या. बायकोने चहा दिला. उठताना म्हणाला, “कित्याक भियेतात, पात्रांव? जालें.” (कशाला घाबरता, मालक? झाले.) त्या रात्री साडेअकराला मेल: ‘बॅकअप यशस्वी’. बॅकअप दुरुस्तीचे 1,500 मी तिथेच यूपीआयने दिले होते.

पुढचे सहा महिने रोज रात्री तो मेल येत राहिला.

आता मागे पाहिले की लाज वाटते ती एका गोष्टीची. एप्रिलमध्ये दुकानाला रंग दिला, तेव्हा तो डबा वायर काढून, चादरीत गुंडाळून तीन दिवस कपाटात ठेवला होता. त्या तिन्ही रात्री मेल आला. ‘यशस्वी.’ मी तो वाचलासुद्धा, आणि आडवा झालो. वीज नसलेल्या डब्यात फाइल्स कशा गेल्या, हा प्रश्न माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही. रोजचा मेल हा देवघरातल्या समईसारखा झाला होता, लागलेली आहे एवढेच बघायचे.

9 जून 2025, सोमवार. रविवारी रात्रभर गडगडाट होता, वीज दोनदा गेली नि आली. सकाळी आतला कॉम्प्युटर सुरू होईना. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत, बूट करायला काही सापडत नाही अशी ओळ. जुनी हार्ड डिस्क मरायच्या आधी कटकट आवाज करायची, चार दिवस हळू चालायची, काहीतरी इशारा द्यायची. नव्या मशीनमधली एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, मुकाट्याने जाते. ओळखीच्या दुकानदाराने ती दुसऱ्या मशीनला लावून पाहिली, तिथेही दिसेना. पणजीत एकाने सांगितले की कंट्रोलर गेला आहे. चिपवर डेटा असला तरी त्याचे तुकडे जुळवणारा तोच, त्यामुळे हमी नाही, आणि प्रयत्न करायचेच 45,000. मी तेव्हा शांत होतो. डबा आहे ना.

डब्याचा पासवर्ड माझ्याकडे नव्हता. तो टेक्निशियनकडे. त्याला फोन लावला तर म्हणाला, मडगावला आहे, संध्याकाळी बघतो. संध्याकाळ झाली, तो आला नाही. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी माझी भाची आली. तिने डब्याच्या मागचे बारीक भोक शोधले, पिनेने दाबून धरले, पासवर्ड पुसला गेला, डेटा तसाच राहिला. (आमच्या डब्यात तसे होते, तुमच्यात काय होते ते आधी पुस्तिकेत वाचा.) आतला फोल्डर उघडून तारखांप्रमाणे लावला. सर्वांत वरची फाइल 10 डिसेंबर 2024 ची.

“मामा, यात डिसेंबरनंतर काहीच नाही.”

मी म्हटले, दुसरा फोल्डर असेल. तिने सगळे पाहिले. नव्हता. मी फोन काढून आदल्या रात्रीचा मेल तिच्यासमोर धरला, जणू त्याने फाइल्स परत येणार होत्या. ती मेल बघून काही बोलली नाही, काउंटरवरच्या कॉम्प्युटरशी जाऊन बसली. तो जिवंत होता आणि त्यावरही तोच टास्क होता.

टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या विंडोजच्या भागात, नोंद स्वच्छ होती: शेवटचा निकाल 0x0, म्हणजे चूक नाही. मग तिने टास्क जी बॅच फाइल, म्हणजे एकापाठोपाठ एक आज्ञांची यादी, चालवतो ती नोटपॅडमध्ये उघडली. जेमतेम दहा ओळी. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करायच्या आज्ञेने फाइल्स न्यायची ओळ होती, पण तिच्या सुरुवातीला आर-ई-एम ही तीन अक्षरे. तिने समजावले, ‘रेम’ लिहिले की कॉम्प्युटर ती ओळ शेरा समजून ओलांडून जातो. खालची ओळ, म्हणजे कॉपी फसली तर ‘अयशस्वी’ पाठव असे सांगणारी, तिच्यापुढेही ‘रेम’. उघडी राहिली होती फक्त शेवटची: ‘यशस्वी’ असा मेल पाठव. बॅच फाइलमधली शेवटची आज्ञा नीट पार पडली की शेड्युलरला शून्य कळते. मेल नीट जात होता, म्हणून शून्य. फाइल शेवटची बदलल्याची वेळ: 13 डिसेंबर, दुपारी 4:40. चहा दिला ती वेळ.

तिथेच जुना लॉगही होता. 11 आणि 12 डिसेंबरच्या रात्रीच्या नोंदी, दोन्हींत चूक 1272. मूळ बिघाड एवढाच. डबा त्याने 2022 मध्ये पासवर्डशिवाय, पाहुणा म्हणून आत येऊ देईल असा बसवला होता. काम सोपे, वेळ कमी. विंडोज 11 प्रोची 24एच2 आवृत्ती असल्या बिनओळखीच्या पाहुण्याला नेटवर्कवरच्या फोल्डरशी जोडू देत नाही. उपाय अर्ध्या तासाचा: डब्यात एक वापरकर्ता तयार करायचा, त्याला पासवर्ड द्यायचा, तोच विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (पासवर्ड साठवायच्या जागेत) नोंदवायचा. त्याला ते जमले नसेल किंवा सुचले नसेल, ते मी समजू शकतो. न जमलेल्या कामाचे पैसे घेऊन वर खोटा मेल लावून जाणे, याला माझ्याकडे समजूत नाही.

फोनवर तो म्हणाला, “तात्पुरते बंद केले होते, मग राहून गेले.” जानेवारी आणि एप्रिलची बिले बायकोने फाइलमधून काढली. दोन्हींवर त्याच्याच अक्षरात: ‘बॅकअप तपासणी – ठीक’. एप्रिलच्या बिलावर जास्तीची ओळ: ‘रिस्टोअर चाचणी – ओके’. कोणती फाइल परत आणून पाहिली, हे मी विचारले तेव्हा त्याने आवाज येत नाही असे सांगून फोन ठेवला. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक दवाखाना आहे, तिथेही त्याचेच काम. भाचीने डॉक्टरबाईंच्या परवानगीने तिथली बॅच फाइल उघडली. तीच दहा ओळी, तीच तीन अक्षरे. त्यांचा कॉम्प्युटर चालू होता, म्हणून त्या वाचल्या. राहून गेले म्हणे.

माझे काय गेले ते सांगतो. सहा महिन्यांच्या पत्रिका आणि हस्तपत्रके गेली, पण गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या पीडीएफमधून बरेच परत मिळाले. पीडीएफ म्हणजे छापता येईल असे चित्र. बदल करायचा तर पुन्हा बसून जुळवायचे. 96 पानांच्या एका देवस्थान स्मरणिकेची साठ पाने जुळवून झाली होती, ती पुन्हा केली. सर्वांत जिव्हारी लागले ते एका गावातल्या जुन्या संगीत नाटकाचे. हाताने लिहिलेली वही, पदांवर लाल शाईच्या खुणा, काही शब्द लागेनात म्हणून त्या गावच्या वृद्ध नटाला दुकानात बसवून एकेक ओळ त्यांच्याकडून म्हणवून घेत टाइप केलेले. वही मी जपून परत केली होती. ती पुन्हा मागता आली. त्यांना पुन्हा दुकानात बसवणे कठीण आहे, मार्चमध्ये त्यांना पक्षाघात झाला.

पैशांचे: दुरुस्तीचे 1,500 आणि दोन तिमाहीचे 6,000, मिळून 7,500. दवाखान्याची फाइल उघडल्याचे कळल्यावर त्याने आपणहून 4,500 पाठवले, सोबत ‘फुल अँड फायनल’ असा शेरा. मी लगेच लेखी कळवले की हे पूर्ण नाही. अशा वेळी गप्प बसू नका, त्या शेऱ्याला नंतर तुमची संमती म्हणतात. 1930 हा सायबर गुन्ह्यांचा नंबर ऑनलाइन उडवलेल्या पैशांसाठी आहे. माझे पैसे मी हाताने, बिल बघून दिले होते, म्हणून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंद केली. दुकानदार असल्याने आपल्याला ग्राहक म्हणतील का, अशी शंका बऱ्याच जणांना असते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूला वगळले आहे, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही; सेवेचे नाव मात्र त्या ओळीत नाही. दुकानात मी, बायको आणि सुट्टीला मुलगा. तेवढे पुरावे जोडले आहेत.

तुमच्या दुकानात, दवाखान्यात, कचेरीत असा डबा असेल तर आजच त्याचा फोल्डर उघडून सर्वांत नवी फाइल कोणत्या तारखेची आहे ते बघा. मेल बघू नका, तारीख बघा. आणि एका रात्री मुद्दाम डब्याची नेटवर्क वायर काढून ठेवा. सकाळी ‘यशस्वी’ आले तर समजून जा. मेल रोज अगदी त्याच मिनिटाला येत असेल तरी शंका घ्या. चार फाइल्सच्या दिवशी आणि चार जीबीच्या दिवशी एकच वेळ कशी लागेल? मला 11:31 चा मेल सहा महिने 11:31 लाच येत होता. बॅच फाइलवर दोनदा क्लिक करू नका, ती चालायला लागेल. उजवे क्लिक करून ‘एडिट’ म्हणा आणि ओळींच्या सुरुवातीला काय आहे ते वाचा. इंग्रजी वाचता आले की पुरे, कॉम्प्युटर येण्याची गरज नाही. बिलावर ‘रिस्टोअर ओके’ लिहिणाऱ्याला फाइलचे नाव लिहायला लावा. आणि डब्याचा मुख्य पासवर्ड तुमच्या स्वतःच्या वहीत असू द्या.

भाचीने आता नवे बसवून दिले. पाहुण्याला आत घेण्यासाठी विंडोजची सुरक्षाच बंद करा, असे बरेच जण सुचवतात. तिने ते साफ नाकारले आणि वापरकर्ता-पासवर्डच ठेवला. टास्कमध्ये पूर्वी ‘झेड’ ड्राइव्ह, म्हणजे डब्याच्या फोल्डरला कॉम्प्युटरवर दिलेले अक्षर, लिहिलेला होता, त्याऐवजी डब्याचा थेट पत्ता दिला, कारण टास्क दुसऱ्या खात्याने चालला तर त्याला आपले ‘झेड’ दिसतच नाही. राउटरमध्ये डब्याचा पत्ता पक्का करून टाकला, नाहीतर वीज जाऊन आली की तो बदलू शकतो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाऊन येण्याला काही सुमार नाही. रोबोकॉपीचा निकाल वाचायची गंमत तिनेच सांगितली: 1 आला तर फाइल्स नीट गेल्या, 8 किंवा त्याहून जास्त आला तर गडबड. मेल आता तो आकडा आणि फाइल्सची संख्या घेऊनच येतो. शिवाय दर शनिवारी एक वेगळी यूएसबी डिस्क लावायची, कॉपी झाली की काढून घरी न्यायची. खंडणी मागणारा व्हायरस आला तर तो नेटवर्कवरचा डबाही खातो, म्हणून. हे काम बायकोने घेतले आहे, माझ्यावर तिचा भरवसा उरलेला नाही.

परवा रात्री 11:47 ला मेल आला: बॅकअप अयशस्वी, निकाल 16. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजत असताना दुकान उघडले. झाडताना कोणाच्या तरी हाताने डब्याची वायर निघाली होती. खोचली, टास्क हाताने चालवला. निकाल 1, फाइल्स 212. मग कपाटातून नाटकाची वही काढली आणि दुसऱ्या अंकापासून पुन्हा टाइप करायला बसलो.