नामांकित डिझायनरचा गोल्फ कोर्स: दोन दिवस खेळून आल्यावर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या शेजारच्या शेडमधला मित्र दिवाळीच्या आधी एक ब्रोशर घेऊन आला. सह्याद्रीच्या माथ्यावर प्लॉट, समोर अठरा होलचा गोल्फ कोर्स, आणि पहिल्याच पानावर परदेशी डिझायनरचा मोठा फोटो. "तू खेळतोस, तर जाऊन बघून ये. एवढ्या मोठ्या माणसानं केलंय म्हणजे चांगलंच असणार की," म्हणाला. मी दोन दिवस राहिलो आणि दोन्ही दिवस अठरा होल खेळलो. जागेचं आणि डिझायनरचं नाव लिहीत नाही, पण जे बघितलं ते सगळं सांगतो.

मागचे नऊ होल, म्हणजे दहावा ते अठरावा, फार सुंदर आहेत. चौदावा तर मी आयुष्यभर खेळेन. टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, खाली बघितलं की फेअरवे (मधला कापलेल्या गवताचा पट्टा) डोंगराच्या सोंडेवरून जसा नैसर्गिक उतरतो तसाच उतरू दिलाय. डावीकडं मारलं तर लांब पडतं पण ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ, उघडं दिसतं, उजवीकडं जवळ पडतं पण मधे कातळ येतो. काय करायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. असा होल आखणाऱ्याला मी मनापासून मानतो.

आणि त्याच माणसाच्या त्याच कोर्सवर सातवा होल आहे. उताराच्या अगदी पायथ्याला, ग्रीनच्या पुढं, एक खोल बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. पाऊस संपून तीन आठवडे झाले होते, तरी तळाला लाल पाणी साचलेलं. वरच्या कडेची वाळू वाहून गेलेली, खाली मुरूम उघडा पडलेला. माझा बॉल त्या मुरमात अर्धा रुतून बसला. माझी बॅग उचलणारा कॅडी म्हणाला, "काका, दर पावसाळ्यात वाहून जाते वाळू. आम्ही ट्रॉलीनं परत आणून टाकतो." त्याच ग्रीनवर माझा पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, होलला चाटून गेला आणि उतारानं परत माझ्या पायाशी आला. तिसऱ्यांदाही तेच झालं. हा अवघडपणा नाही, चूक आहे.

आता माझा धंदा पॅटर्नचा, म्हणजे ओतकामाच्या लाकडी नमुन्यांचा. ड्रॉइंगवर १००० मिलिमीटर असलं तर बिडाच्या कास्टिंगसाठी आम्ही लाकूड १०१० ला कापतो, कारण बीड थंड होताना आकसतं. हे दहा मिलिमीटर शेडमध्ये उभ्या असलेल्या माणसाला माहीत असावे लागतात. आणि पॅटर्न कितीही चोख असला तरी त्यावरून वाळूचा साचा करणारा मोल्डर कच्चा असेल तर माल रिजेक्ट होतो. गोल्फ कोर्सचं मला तसंच वाटतं. नाव डिझायनरचं असतं, पण माती कोण हलवतंय आणि डिझायनर त्या मातीवर किती दिवस उभा राहिला, यावर सगळं ठरतं.

अॅलिस्टर मॅकेन्झी या जुन्या डिझायनरचं उदाहरण घ्या. त्याच्या ऑगस्टा नॅशनल, सायप्रस पॉइंट आणि रॉयल मेलबर्न ही तिन्ही नावं जगातल्या सर्वोत्तम कोर्समध्ये घेतली जातात. पण मेलबर्नला तो १९२६ मध्ये येऊन आखणी करून गेला. वेस्ट कोर्स १९३१ मध्ये खुला झाला, तो त्याचा तिथला भागीदार अॅलेक्स रसेल आणि मैदान सांभाळणारा ग्रीनकीपर मिक मॉर्कम यांच्या हातून. मॉर्कम म्हणजे आमच्या भाषेत मोल्डर, आणि काय मोल्डर! उलट डोनाल्ड रॉस या दुसऱ्या जुन्या डिझायनरच्या नावावर चारशेच्या आसपास कोर्स आहेत. त्यातल्या काही ठिकाणी तो गेलाच नाही, नकाशावर आखून दिलं. पण अमेरिकेतला पाइनहर्स्ट नंबर दोन हा कोर्स १९०७ मध्ये झाल्यावर १९४८ साली वारेपर्यंत तो त्यात दुरुस्त्या करत राहिला, कारण घरच तिथं होतं. म्हणून लोक आजही रॉस म्हटलं की पाइनहर्स्ट म्हणतात.

आपल्या देशातलं सांगायचं तर पाच वेळा ब्रिटिश ओपन जिंकलेला ऑस्ट्रेलियन खेळाडू पीटर थॉमसन. बेंगळुरूचा केजीए (कर्नाटक गोल्फ असोसिएशनचा कोर्स) त्याचा, आणि दिल्ली गोल्फ क्लबही सत्तरच्या दशकात त्यानंच नव्यानं आखला. मशीन टूल्सच्या प्रदर्शनाला गेलो की एक कस्टमर मला केजीएला नेतो. तिथं पाणी आणि मोकळं आभाळ, दिल्लीत दाट झाडी आणि मधेच जुने मकबरे. दोन्हीकडं जमिनीचं ऐकलंय. दिल्लीची ग्रीन्स पुढं गॅरी प्लेअर या दुसऱ्या नामवंत खेळाडूनं बदलली, त्यामुळं आता तिथं कुणाच्या हाताला मार्क द्यायचे हा प्रश्नच आहे.

आपण कोल्हापूरकरांना हे नवीन नाही. टाऊन हॉल ब्रिटिश वास्तुकार मेजर मँटचा आणि न्यू पॅलेसही त्याचाच. टाऊन हॉलची टोकदार शिखरं आणि पॅलेसचा अष्टकोनी घड्याळ मनोरा एकाच माणसाचे वाटत नाहीत. पॅलेस १८८४ मध्ये पुरा झाला तेव्हा मँट वारून तीन वर्षं झाली होती. तो काळा दगड ज्यांनी घडवला, बसवला, त्यांच्या हातावरच ते काम उभं आहे. मी लहानपणापासून बघतोय, कुठं सांधा सुटलेला नाही.

मी खेळायला शिकलो बेळगावात, साडूमुळं. ते फौजेतून रिटायर झालेत. तिथं कुणा बड्या डिझायनरच्या नावाची पाटी मी बघितलेली नाही. पण माळी पावसाळ्याआधी एकेक चर स्वतः मोकळा करतो, आणि ऑगस्टमध्येसुद्धा बॉल रुतत नाही.

मार्क द्यायचे तर या डोंगरावरच्या कोर्सला दहापैकी साडेसहा. मागच्या नऊ होलला नऊ, पुढच्या नऊला चार. तेवढ्या पैशांत मला पुढच्या नऊकडंही कुणीतरी पावसात उभं राहून बघितलेलं हवं होतं. ऑफिसात विचारलं, डिझायनर साइटवर किती वेळा आले? उद्घाटनाचे फोटो दाखवले, उत्तर मिळालं नाही.

मित्राला सांगितलंय, टोकन आत्ता देऊ नकोस. जुलैत आपण दोघं जाऊ, छत्री घेऊन सातव्या होलवर उभं राहू, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बघू. त्यानं तारीख लिहून ठेवलीय.