डायल गेज आणि चुंबकी स्टँड : कमी वेगातली स्टिअरिंगची थरथर शोधायला कितपत कामाचे?

स्टिअरिंग थरथरलं की पहिला सल्ला ठरलेला: बॅलन्सिंग करून घ्या. ताशी 80-90 किमीला थरथर सुरू होत असेल तर तो बरोबरच आहे. पण 20 ते 40 च्या वेगातच स्टिअरिंग डावीउजवीकडे डुलत असेल, तर आधी डायल गेज लावावा, म्हणजे टोक चाकाला टेकवलं की ते फिरताना किती वरखाली होतं हे काट्याने दाखवणारं मापयंत्र. असंतुलनाचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. 90 ला जेवढा, त्याचा नववा हिस्साच 30 ला उरतो. तेवढ्याने स्टिअरिंग सहसा हलत नाही. बहुतेकदा टायर किंवा रिम गोल राहिलेली नसते, आणि साधं बॅलन्सिंग मशीन अशा चाकालाही वजनं चिकटवून शून्य दाखवतं.

10 मिमी रेंजचा, 0.01 मिमी लीस्ट काउंटचा (म्हणजे सर्वांत लहान माप तेवढं दाखवणारा) काट्याचा गेज पुरतो. डिजिटल नको, चाक फिरताना आकड्यांपेक्षा काटा डोळ्याला सोपा. खरी कटकट स्टँडची. चुंबक अॅल्युमिनियमला चिकटत नाही, म्हणून जमिनीवर जाड लोखंडी प्लेट ठेवून त्यावर तो बसवावा. गेजसोबत येणारं गोल टोक रिमवर छान चालतं, टायरच्या खाचांत मात्र अडकतं. तिथे रोलरचं टोक लावा, नाहीतर ट्रेडभोवती (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाभोवती) मास्किंग टेप ताणून गुंडाळा.

बराच वेळ उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर तात्पुरते चपटे होतात. 10-15 मिनिटं चालवून मगच मोजा. मागच्या चाकांना ठोकळे, गाडी जॅक स्टँडवर, गिअर न्यूट्रल. हबवरचा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने काढून नट आमनेसामने आवळा. चाक हाताने सावकाश फिरवून सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मापातला फरक घ्या. अलॉय रिमला साधारण 0.8 मिमी, टायरला दीड मिमीपर्यंत चालतं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच धरा. फरक जास्त आला तर चाक काढून दोन बोल्ट पुढे बसवा आणि पुन्हा मोजा. उंचवटा चाकाबरोबर सरकला तर दोष चाकाचा, हबच्या त्याच बोल्टापाशी राहिला तर हबचा.

टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) सैल आहे का, हे गेजपेक्षा हात लवकर सांगतो: चाक घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी धरून हलवा. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क बघा, गाडी उभी असतानाही येत असेल तर इंजिन माउंट, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे आधार. आणि ट्रेडवर फुगवटा दिसलाच, तर मोजत बसू नका. आतला पट्टा सुटलेला असतो. त्या टायरवर गाडी चालवायचीच नाही.